सिनेमातला डबा

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आज रविवार. जेवणं झाल्यावर सासूबाई, हे आणि मी टीव्हीवर एक जुना कृष्णधवल सिनेमा बघत होतो. नायकाची नोकरी जाते. घरी सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तो रोज डबा घेऊन निघतो आणि दिवसभर बागेत बसून राहतो.

सासूबाई म्हणाल्या, "मंदी तेव्हाही होती गं. माणसं तरली ना? आपणही तरू."

खरंच धीर आला. सहज ह्यांच्याकडे बघितलं, तर हे उठून पाणी प्यायला गेले.

हे आशागडला एका कारखान्यात दागिन्यांच्या नक्षीचे पोलादी ठसे कोरतात. त्या कामाने नखं कायम काळी. आमच्या लग्नातसुद्धा घासून घासून तो काळेपणा निघाला नव्हता. नोटाबंदीपासून आजूबाजूचे कारखाने बंद पडतायत, पण हे म्हणतात, "आमच्याकडे काम आहे."

पाणी पिऊन आले, तेव्हा मी ह्यांचे हात बघितले. नखं स्वच्छ होती. अगदी सासूबाईंच्या नखांसारखी.

डबा मात्र रोज रिकामा येतो.

उद्या सोमवार. तुम्ही विचारलं असतं, की गुपचूप डबा भरला असता?