तिसरा बेस आणि जावयाचा मान

मराठी मंडळाच्या ई-मेलवरच्या सगळ्यांनो, आज दुपारी माझं डोकं उठलं. बोलतेय मी, टाइप करतेय नात.

आपल्या वॉटफर्डच्या बेसबॉल टीमचा कॅप्टन माझा मुलगा अविनाश. तिसऱ्या बेसला, म्हणजे मैदानातल्या तिसऱ्या थांब्यावर चेंडू अडवायला, माझे जावई, सुधाकरराव. तिथे चेंडू गोळीसारखा येतो, पटकन वाकावं लागतं. जावयांचा गुडघा तर सोफ्यावरून उठतानाही कुरकुरतो. उन्हाळाभर टीम हरत राहिली.

आज पुढच्या सीझनची मीटिंग माझ्याच फ्रंट रूममध्ये होती. अविनाश किचनमध्ये येऊन कुजबुजला, "तिसऱ्या बेसला लीड्सहून आलेला नवा डॉक्टर चालेल, नाहीतर पटेलांचा किरण. पण आई, भाऊजींना कसं सांगू?" आणि बाहेर जाऊन म्हणतो काय, "तिसऱ्या बेसला भाऊजी आहेतच!" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझे पोहे गिळले.

मी उलथनं घेऊनच बाहेर गेले. "सुधाकरराव, गुडघा गेलाय तुमचा. आता दुसऱ्याला खेळू द्या."

अविनाश पांढराफटक पडला. "आई, जावयाला असं बोलतात का?"

जावई म्हणाले, "सासूबाई, कोणीतरी म्हणेल म्हणून कधीचा वाट बघतोय. मेहुण्याची टीम अशी कशी सोडू, म्हणून गप्प होतो."

म्हणजे हे दोघं एकमेकांचा मान राखत बसले आणि टीम मार खात राहिली! आता तिसऱ्या बेसला नवा डॉक्टर. जावई खुर्चीत बसून स्कोअर लिहिणार.

तुमच्या घरी मानापायी काय काय अडलंय? सांगता का एकमेकांना, की तिथेही मीच येऊ उलथनं घेऊन?