आभाळात उमटलेली फळी

शहरातल्या संग्रहालयात जपानी चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. लाकडी ठसे कोरून कागदावर छापलेली चित्रं. सुतारकाम करणाऱ्या अण्णांना, माझ्या वडिलांना, मी हौसेने घेऊन गेलो. तिथे त्यांना परकं वाटू नये म्हणून मी माहितीपत्रक भराभर वाचून दाखवत होतो. तलवार उगारलेल्या योद्ध्याचं चित्र बघून झालं. डोंगरवाटेवरच्या प्रवाशांच्या चित्रापाशी अण्णा थबकले.

"वाचू नकोस रे. आभाळ बघ. फळीच्या रेषा उमटल्यात."

खरंच की! ढगांमधून लाकडाच्या बारीक रेषा वाहत होत्या. ते प्रवासी जणू एका झाडातूनच चालले होते आणि पदवीधर होऊनही मला ते दिसलं नव्हतं.

"हे सगळं उलटं कोरायचं असतं," अण्णा हसले. "मी एकदा गिरणीच्या नावाचा ठसा सुलटा कोरला होता. सगळ्या पोत्यांवर नाव उलटं!"

शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजातल्या दोन मुली हसत जवळ आल्या. "काका, रेषा कुठे आहेत? आम्हालाही दाखवा ना."

अण्णा चित्रावरच्या काचेला हात न लावता दाखवू लागले. मी माहितीपत्रक खिशात घातलं आणि त्या मुलींच्या मागे, ऐकायला उभा राहिलो.