कानामायसिन किती द्यायचं

इंदूर नव्या मध्य प्रदेशात येऊन दहाएक वर्षं झाली होती आणि मी हॉस्पिटलात नवा डॉक्टर होतो. शहरातल्याच मल्हारगंज भागातल्या एक शिक्षिकाबाई बाळंतपणानंतर तापाने फणफणून आल्या. रक्तात जंतू पसरले होते, मूत्रपिंडं बंद पडली होती. रक्तातली घाण निघावी म्हणून पोटात नळी घालून आम्ही बाटल्यांनी पाणी भरत होतो, काढत होतो. जंतू मारायला कानामायसिनचं इंजेक्शन द्यायलाच हवं होतं. पण ते लघवीवाटे बाहेर पडतं, आणि लघवीच होत नव्हती. पोटातल्या पाण्याबरोबर किती निघून जातं, हे सांगणारी तपासणी इंदुरात नव्हती. जास्त झालं तर कान जाणार, कमी पडलं तर जीव.

"सर, किती देऊ?"

"अंदाजाने दे," वॉर्डाचे मोठे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले. "मलाही याहून जास्त कळत नाही."

रोज मी माझं घड्याळ बाईंच्या कानाशी धरून टिकटिक ऐकू येते का विचारायचो. पाचव्या दिवशी त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ताप तसाच होता. मी इंजेक्शन भरलं आणि दिलं.

बाई वाचल्या. घरी निघताना बाळ रडायला लागलं, ते त्यांना नवऱ्याने खांद्याला हात लावल्यावर कळलं.

"जिवंत आहे ना डॉक्टरसाब, और क्या चाहिए," तो मला म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.