विठ्ठलकाकांचा तळवा आणि सिद्धीचा खडू

डिचोलीच्या खाणी जोरात होत्या तेव्हा विठ्ठलकाकांचा तळवा चाकांवरून फिरल्याशिवाय खनिज वाहणारा टिपर हलत नसे. सावंतवाडीकडून आलेला हा माणूस हातानेच हवा सांगायचा. मापयंत्र त्यांच्या मते नवशिक्यांसाठी. खाणी बंद पडल्या, काका पेडण्याच्या रस्त्यावर पंक्चर काढू लागले, पण हाताचा तोरा काही गेला नाही.

तुयेच्या कारखान्यात कामाला जाणारी सिद्धी आपली जुनी छोटी गाडी शर्यतीत पळवायची. तिच्या चाकांतली हवा काकाच ठरवत. मात्र रक्तातल्या साखरेने वर्षभरात त्यांची बोटं बधिर केली होती. सिद्धीला कळलं तर ती दुसरा कुणी शोधील, या भीतीने ते गप्प होते.

त्या रविवारी दुपारी शर्यत होती. सकाळी पठारावर काजूच्या झाडाखाली गाडी डावी बाजू सावलीत, उजवी उन्हात अशी उभी होती. काकांनी नेहमीसारखा तळवा फिरवला, मग हळूच मापयंत्रही लावलं. उजवीकडे हवा दोन पौंड जास्त दिसली, तेवढी त्यांनी काढून टाकली. सिद्धीने टायरांच्या कडांवर खडूच्या रेघा ओढल्या आणि सरावाला निघाली.

काका डोळे मिटून बसले. रबराचा आवाज लांब जायचा, परत यायचा. त्या गुंगीत त्यांना लाल धुळीतून तरंगत जाणारे टिपर दिसले, आणि आपला तरणा हात. तेवढ्यात डाव्या वळणावर चाकं कण्हली.

गाडी थांबली. डावीकडचा खडू कडेपुरताच पुसला होता, उजवीकडचा पार खालपर्यंत. हवा कमी असली की वळणावर टायर जास्त लवतो आणि रेघ जास्त पुसली जाते; म्हणजे उजवीकडे हवा कमी पडली होती. उन्हाने फुगलेली हवा काकांनी जास्त समजून सोडली होती. पूर्वी ते ऊन तळव्याला लगेच कळलं असतं.

"सिद्धी, माज्या हाताक आता काय कळणा नाय गो."

सिद्धी त्यांच्या शेजारी बसली. "गेल्या म्हयन्यात तापलेल्या टायरावर तुमी हात ठेवलात, काका, तो काडलातच नाय. तेवाच माका समाजला. तुमच्या डोळ्यांसाठीच खडू हाडलंय."

काकांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. उजवीकडे दोन पौंड भरल्यावर सिद्धीने खडू त्यांच्या हातात दिला. बोटांना तो जाणवत नव्हता. म्हणून त्याच्याकडे बघत बघत काकांनी चारही टायरांवर नव्या रेघा ओढल्या.