राणी बसली

विटेवर उभ्या असलेल्या सावळ्या परब्रह्मास प्रथम दंडवत. त्याने जीवमात्राला नाक दिले. ते दुसऱ्याच्या कामात खुपसण्याची बुद्धी मात्र केवळ माणसाला दिली. त्याचे स्मरण करून आरंभ करतो.

भजनी मंडळात किस्से कधी साठतात, सांगू? टाळ खाली ठेवल्यापासून चपला सापडेपर्यंत! पंचवटीतल्या आमच्या मंडळात असे पुष्कळ साठले. पण राणीचे किस्से सांगताना अजूनही माझा आवाज आपोआप खाली येतो.

राणी म्हणजे लॅब्रॅडॉर जातीची कुत्री. तिचे मालक पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले हवालदार, मूळचे मनमाडचे. गोष्ट दोन हजार सालानंतरची. एकदा भजन आटोपल्यावर ते म्हणाले, "माझी राणी माणसाच्या श्वासावरून कॅन्सर ओळखते. एका डॉक्टरांच्या मदतीने मी तिला ट्रेनिंग दिलंय. तो वास आला की ती बसते. नाही आला, तर पुढे जाते."

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले कुलकर्णी आमचे मृदंगवादक. ते लगेच उद्गारले, "चोर पकडून झाले, आता रोग! पुढचं पोस्टिंग कुठे, आयसीयूत?"

चराचरात देव आहे, असे मी रोज गातो. पण तो लॅब्रॅडॉरच्या नाकात उतरला असेल, हे काही मला पटेना.

*

हवालदारांनी प्रत्येकाला एक बरणी आणि मलमपट्टीच्या कापडाची घडी दिली. "घडी तोंडावर धरा, श्वास सोडा, बरणीत टाका, झाकण लावा. बस्स!"

आता आमच्या मंडळाची रीत अशी की, देवाला दाखवल्याशिवाय कोणतीही वस्तू देवळाबाहेर जात नाही. साऱ्या घड्या एका तबकात ठेवून विठ्ठलापुढे नेल्या. वर तुळस ठेवली, बुक्का वाहिला, धूप फिरवला आणि मगच त्या बरण्यांत भरल्या.

राणी पहिल्या बरणीशी शिंकली. दुसरीशी शिंकली. तिसरीशी तर तिने धन्याकडे असे पाहिले की, हवालदारांनी कपाळावर हात मारला. "अहो, नैवेद्य नव्हता तो! सॅम्पल होतं!"

कुलकर्णी म्हणाले, "लिहा रिपोर्ट. संपूर्ण मंडळाला सर्दी!"

*

पुढच्या खेपेस देवाला लांबूनच नमस्कार केला. राणी बरण्यांच्या रांगेतून डौलात चालत गेली आणि दत्तूअण्णांच्या बरणीपुढे बसली.

दत्तूअण्णा मखमलाबादला गुलाब आणि शेवंती पिकवणारे. आमचे मुख्य गायक. ते मोठ्याने हसले. "माऊली, हाताला फुलांचा वास हाय माझ्या. त्याच्यावर भुलली असंल!"

सगळे हसले. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. गळ्यात माळ पडण्यापूर्वी अण्णांनी विड्या पुष्कळ ओढल्या होत्या. आणि अलीकडे अभंगाच्या शेवटच्या चरणावर त्यांचा दम तुटू लागला होता.

*

कुलकर्ण्यांना वेगळाच संशय. "अण्णा खोकतात, हे हवालदारांना ठाऊक आहे. पट्ट्याला हळूच झटका देत असतील. गुरुजी, आपण परीक्षा घेऊ!"

मी त्यांना दुजोरा दिला. पुन्हा नव्या घड्या भरल्या आणि अण्णांच्या बरणीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली. हे आम्हा दोघांनाच ठाऊक. त्या दिवशी हवालदारांनी बरण्या घरी नेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसलो असताना हवालदार दारात उभे! पत्नीने चहा पुढे केला, तर तो घेईनात. म्हणाले, "वहिनी, गुरुजींना छातीच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका."

पत्नी कप खाली ठेवून फोनकडे धावली. मला घंटा खाली ठेवून खरे सांगावे लागले. पत्नी कडाडली, "देवापुढे बसून हे असले उद्योग?"

हवालदार मात्र रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "म्हणजे पुन्हा अण्णाच?"

*

अण्णा ऐकायला तयार नव्हते. "कुत्रीनं सांगितलं म्हनून दवाखान्यात जाऊ? डॉक्टरनं इचारलं, कोनी पाठवलं, तर काय सांगू?"

"सांगा, बायकोनं पाठवलं," सुमनवहिनी म्हणाल्या. "आन् बायकोला कुत्रीनं!"

अखेर गेले. छातीचा एक्सरे निघाला. स्वच्छ! डॉक्टर हसले. अण्णा तर वाटेतूनच पेढे घेऊन आले.

*

त्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर आनंदाला उधाण आले. कुलकर्ण्यांनी ठराव मांडला, "राणीला सस्पेंड करा!" हवालदार मान खाली घालून नळावर पाणी प्यायला गेले. राणीचा पट्टा फरशीवर मोकळा पडला होता. बरण्या नव्हत्या, हुकूम नव्हता.

अण्णांनी वाकून राणीपुढे पेढा धरला. "घे बाई. चुकलीस, पर मला राग नाय."

राणीने पेढ्याकडे पाहिलेही नाही. तिने मान उंच केली, अण्णांच्या तोंडाजवळ नाक नेले, क्षणभर थांबली.

आणि बसली.

माझ्या मनातला सगळा संशय त्या जनावरावरून उठला आणि त्या स्वच्छ एक्सरेवर जाऊन बसला.

सुमनवहिनींनी अण्णांच्या हातातला पेढ्यांचा पुडा काढून माझ्याकडे दिला. "उठा. आता मोठ्या मशीनवर छातीचा फोटो काढायचा."

"अगं, आत्ता?"

"आत्ता."

अण्णांनी एकदा विठ्ठलाकडे पाहिले, एकदा राणीकडे, आणि मुकाट्याने चपला पायात घातल्या.

*

ज्यांनी हे ऐकले, त्यांचा श्वास मोकळा चालो. कंठी नाम आणि घरी समाधान नांदो. कोणाच्याही उंबऱ्यावर दुखणे उशिरा ओळखले न जावो. आणि अंगणात येणाऱ्या मुक्या जिवाला प्रत्येक घरातून चतकोर भाकरी मिळत राहो.