आईची तोंडी परीक्षा

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या आईला माझी भीती वाटायची, आणि ती मीच घातली होती.

डॉक्टरांनी आईच्या स्कॅनची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "डिमेन्शिया." म्हणजे आठवण, भान, शब्द हळूहळू हातातून सुटत जाणं. "हे मागे फिरणार नाही." मला पटलं नाही. मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्टर. चूक सापडली की दुरुस्त होते, एवढंच मला ठाऊक.

मग रोज ऑफिसातून वारज्याला घरी आलो की वही घेऊन आईसमोर बसायचो. आज वार कोणता? नातीचं नाव काय? मी कोण? चुकलं की फुली. आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतलेली बाई ती. बाकी काही विसरली तरी फुली तिला कळायची. पुढे पुढे माझी मोटरसायकल वाजली की ती बाथरूममध्ये शिरून कडी लावायची. "आजारामुळेच असेल," बायको, वृंदा, म्हणायची. मी मान हलवायचो.

डॉक्टरांनीच सपोर्ट ग्रुपला पाठवलं. घरचा असा रुग्ण सांभाळणाऱ्यांनी समुपदेशक बाईंसमोर बसून मन मोकळं करायचं. पहिल्या तीन वेळा मी नुसता चहा प्यायलो. चौथ्यांदा वहीचं सांगितलं. कडीचं नाही.

सत्तरीचे एक काका म्हणाले, "अहो, मी हिला आमच्या लग्नाची तारीख विचारली. हिनं उलट मलाच विचारली. दोघंही नापास!"

सगळे हसले. मीही. किती दिवसांनी, कोण जाणे.

समुपदेशक बाई म्हणाल्या, "परीक्षा बंद करा. वही त्यांच्या हातात द्या, आणि तुम्ही खाली बसा."

त्याच संध्याकाळी आईच्या हातात वही-पेन्सिल दिली आणि फरशीवर मांडी घातली. "बाई, हजेरी घेता ना?"

तिनं वही उघडली. मग पदर सारखा केला, पाठ ताठ केली. "नाव?"

"प्रकाश."

"उशीर का?"

"ट्रॅफिक होतं, बाई."

"तुझं रोजचंच आहे."

स्वयंपाकघरातून वृंदा खो-खो हसली. "ए मुली, दात काय काढतेस? तूही बस!" आई म्हणाली. वृंदा पोळीचं लाटणं हातात घेऊनच येऊन बसली. आईनं बेपासून दहापर्यंतचे पाढे म्हणून घेतले. एकदाही अडली नाही. सातच्या पाढ्याला मी अडलो. तिनं माझ्या नावापुढे फुली मारली, आणि मला इतकं बरं वाटलं!

आता रोज वर्ग भरतो. मोटरसायकल वाजली की आई दारात उभी असते. "आलास? आजही उशीर. उद्या आईला घेऊन ये, सांगते तिला."

"आणतो, बाई."

तुमच्याही घरी हे दुखणं असेल, तर एकटे राहू नका. चार माणसांत जाऊन बसा. पहिल्या दिवशी नुसता चहा प्यायलात तरी चालेल.

मी आईची माफी अजून मागितलेली नाही. आणि ती कडी का लागायची, हे वृंदाला सांगायचं राहिलं आहे.