माझ्यासाठी वाढवलेली दोन वर्षं

माझी शाळा चौथीपर्यंत. तेवढी झाली तीही धाकट्या भावाच्या खोट्या वयामुळं.

आमचं गाव दर्यापूरकडचं. गावात शाळा नव्हती. शेजारच्या गावी होती आणि मधे नुसतं काळं रान. आठ वर्षांच्या पोरीला त्या वाटेनं एकटी धाडायचं नाही, असं सगळ्या वस्तीचं मत होतं, आईचं तर फारच. बाला, म्हणजे माझ्या बापाला, मात्र मला शिकवायचंच होतं. त्यानं तोड काढली की सोबत भाऊ जाईल. भाऊ होता चार वर्षांचा आणि गुरुजी सहाच्या आतलं पोर घेत नव्हते. बानं त्यांना सांगितलं, याला सहा झाले. गुरुजींनी पोराकडं पाहिलं, त्याच्या वाहत्या नाकाकडं पाहिलं आणि लिहून घेतलं. माझी राखण करायला धाडलेला हा भाऊ निम्म्या वाटेत बसकण मारायचा. मग मी त्याला कडेवर घेऊन शाळा गाठायची.

चालायचा तेव्हा एखादं वाळकं कवठ पायानं हाकत न्यायचा. कवठ म्हणजे दगडच. अंगठ्यानं मारलं की नख जातं. त्याचं एकदा गेलं, तेव्हापासून तो पायाच्या आतल्या कडेनं ढकलायला लागला. उन्हाळ्यात आमच्या जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. त्या चुकवत कवठ शाळेच्या दारापर्यंत न्यायचं आणि हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. त्यापायी उशीर व्हायचा आणि छड्या मी खायची. तो दिसायलाच लहान, म्हणून सुटायचा.

पुढं छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. मग माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला आले. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. भाऊ अमरावतीला वसतिगृहात राहून शिकला आणि तिथल्या एका मैदानावर फुटबॉल खेळायला लागला. सुट्टीत यायचा तेव्हा पायांची पार साल निघालेली असायची. मी म्हणायची की अभ्यासाला धाडलं आहे की माती तुडवायला. तो हसायचा आणि आणखी एक भाकर मागायचा.

अशातच एक दिवस तो भर दुपारी माझ्या दारात येऊन बसला. मला वाटलं गावाकडं कोणी गेलं. तसं काही नव्हतं. आशियातल्या देशांच्या जवान पोरांची स्पर्धा परदेशात भरणार होती आणि देशाच्या संघात त्याची निवड झाली होती. आमच्या भागातून एकटा तोच. मग तोंड असं काहून, म्हणून विचारलं. तेव्हा कळलं की ती स्पर्धा वीस वर्षांच्या आतल्यांची होती. तो अठराचा होता, पण शाळेच्या दाखल्यावर वीस पूर्ण झाले होते. निवड करणाऱ्यांनी सांगून टाकलं होतं की वयाचा पुरावा आण, नाही तर तुझ्या जागी दुसरा जाईल.

ती दोन वर्षं माझ्या शाळेसाठी वाढवली होती, हे त्याला माहीत होतं. तो तसं बोलला नाही. बोलला असता तरी मला राग आला नसता, खरंच होतं ते. मी त्याला जेवू घातलं आणि नवऱ्याला सांगितलं की मी गावाकडं चालले. तो म्हणाला, खेळापायी एवढी धावपळ कशाला. मी म्हटलं, चूल तुमच्यावर सोपवली आहे, पीठ डब्यात आहे.

बाला घेऊन आम्ही अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. वय ठरवायला तिथं मोठे डॉक्टर होते. त्यांनी भावाचं तोंड उघडून दात पाहिले आणि मनगटाचा एक्स-रे काढला. बा शेजारी उभा राहून सगळं बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बैल घेताना मी याच्याहून जास्त वेळ दात पायतो." डॉक्टरांचं म्हणणं आलं की अक्कलदाढ फुटलेली नाही, मनगटाची हाडं अजून जुळलेली नाहीत, पोरगा विशीच्या आतलाच आहे. भाऊ तिथंच उड्या मारायला लागला. पण तो कागद घेऊन तहसील कचेरीत गेलो, तर तिथला बाबू म्हणाला की एवढ्यानं भागत नाही. शाळेत वय ज्यानं सांगितलं, त्यानं साहेबापुढं येऊन ते खोटं होतं असं शपथेवर सांगायला पाहिजे.

इथं बा अडला.

दीक्षा घेतल्यापासून वस्तीत पंचशील म्हणायला तोच पुढं उभा राहायचा. कोणी खोटं बोललेलं दिसलं तर चारचौघांत फाडून काढायचा, मग तो सोयरा का असेना. त्या माणसानं भर कचेरीत मी खोटं बोललो म्हणायचं. तो निंबाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, आपण घरी जाऊ, पोरगा दुसऱ्या साली खेळन. मी म्हटलं दुसऱ्या साली कागदावर एकवीस होतील. तो म्हणाला, "वस्तीत काय तोंड दाखवू?"

भाऊ लांब उभा राहून आमच्याकडं बघत होता. मी बापासमोर बसले.

"बा, तू खोटं कोनासाठी बोलला?"

"तुयासाठी."

"मंग खरं त्याच्यासाठी बोल. मले एकटीलेच सारं काहून देतं?"

बा धोतर झटकून उठला आणि आमच्या आधी पायऱ्या चढून गेला.

साहेब तरुण होते. त्यांनी विचारलं की तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, हे मी कसं ओळखू. बाबू हसला. बानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"तवा खोटं बोललो, साहेब. आता बोलत नाई. मधात आमी दीक्षा घेतली."

खोटं काहून बोललात, असं साहेबांनी विचारलं. "पोरीले शिकवाचं होतं," बा म्हणाला. साहेब माझ्याकडं वळले आणि म्हणाले, शिकलात का मग. मी म्हटलं, चौथी. त्यांनी बाबूच्या हातातला शपथेचा कागद घेऊन मला दिला आणि वडिलांना वाचून दाखवायला सांगितलं. सरकारी मराठी ती, एकेका वाक्याला शेपूट फार. मी बोट ठेवून हळू वाचला, पण पुरा वाचला. बानं ऐकून अंगठा दिला. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. त्या दिवशी आमच्या घरातली पहिली सरकारी सही माझी झाली.

भाऊ विमानात बसला. आमच्यातल्या कोणी विमान जवळून पाहिलंही नव्हतं.

पहिला सामना आपण हरलो. दुसऱ्या सामन्याची बातमी मराठी वर्तमानपत्रात आली, आतल्या पानावर, चार ओळींची. मी तो अंक पिशवीत घातला, दर्यापूरची बस पकडली आणि तिथून गावापर्यंत चालत गेले. वस्ती विहारापुढच्या ओट्यावर जमली. बाला सगळ्यांनी मधे बसवलं. कचेरीतली गोष्ट आमच्या आधीच गावात पोचली होती आणि एक म्हातारा त्याला रोज टोचत होता की काय लबाड, आज कोणतं शील मोडलं. तोही काठी टेकत आला होता.

मी उभी राहून वाचलं. ज्या देशात स्पर्धा होती त्याच देशाच्या संघाला आपल्या पोरांनी त्यांच्या मैदानावर हरवलं होतं. सामन्यात एकच गोल झाला आणि तो माझ्या भावानं केला होता. पायाच्या आतल्या कडेनं हलकेच लोटला, असं लिहिलं होतं. कवठाचं त्यांना काय माहीत.

पुढं त्यांनी कप काही आणला नाही. आम्हाला त्याचं दुःख झालं नाही. आमची वस्ती त्या दिवशीच जिंकली होती. बाया टाळ्या वाजवत होत्या, पोरं वाटेवर कवठं शोधायला पळाली होती. टोचणारा म्हातारा बाच्या पाठीवर थापा मारत होता.

बा मात्र गंभीर होता. त्यानं हातानं सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "वय किती लिवलं?"

मी पुन्हा पाहिलं. "अठरा वर्षांचा खेळाडू, असं लिवलं."

"मंग बरोबर हाय," बा म्हणाला आणि त्या म्हाताऱ्याकडं वळला. "आयकलं का रे? आता टाळ्या वाजव."